बाबांच्या पत्रातलं वारकाचं भांडं

आईच्या कपाटात सगळ्यात खालच्या कप्प्यात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात बाबांनी इराकहून पाठवलेली एरोग्रामं आहेत. फिक्या निळ्या कागदाची, कडेनं फाडून उघडलेली, काहींची दोनचार अक्षरं त्या फाडण्यातच गेलीयेत. बाबा १९७८ च्या शेवटी गेले आणि १९८० च्या उन्हाळ्यात परत आले, म्हणजे इराण-इराकची लढाई सुरू व्हायच्या दोनतीन महिने आधी. आपल्याकडच्या एका बांधकाम कंपनीत ते ओव्हरसीअर होते, साइट दक्षिणेला नासिरियाच्या बाजूला. पत्रांत बहुतेक सगळं घरातलंच आहे, ड्राफ्ट मिळाला का, धाकटीचा खोकला गेला का, इथे भेंडी मिळते पण आपल्यासारखी करत नाहीत, उकाडा असा की दुपारी सळईला हात लावता येत नाही. आणि एक तक्रार तर जवळजवळ प्रत्येक पत्रात, की इथे दगड नाही. नुसती माती, नदीनं आणून टाकलेली बारीक माती, खोदाल तितकी माती, खडीचे ट्रक लांबून यायचे आणि ते वेळेवर आले नाहीत की काँक्रीटचं काम अडायचं.

त्यातलंच १९७९ च्या फेब्रुवारीतलं एक पत्र मी इतक्या वेळा वाचलंय की घड्यांवर कागद विरलाय. कंपनीच्या पासपोर्टच्या कामासाठी बाबा बगदादला गेले होते, काम दुपारपर्यंत झालं नाही, मग वेळ काढायला म्हणून म्युझियममध्ये गेले. त्यांनी लिहिलंय, "एक दगडी भांडं बघितलं. तुझ्या कमरेच्या वर येईल एवढं उंच. त्याच्यावर चारी बाजूंनी चित्रं कोरली आहेत, पट्ट्यापट्ट्यांनी, एकावर एक. खालून वर बघायचं. पाण्यापासून सुरुवात आहे. बांधकाम जसं पायापासून वर जातं तसं."

हे भांडं म्हणजे वारकाचं भांडं, सगळ्या जगात याच नावानं ओळखतात. वारका हे आत्ताचं नाव, जुनं नाव उरुक, जुन्या महाकाव्याचा नायक गिल्गमेश जिथला राजा होता ते शहर. इसवी सनापूर्वी ३२०० ते ३००० च्या दरम्यानचं आहे, म्हणजे पाच हजार वर्षांहून जुनं, आणि १९३३-३४ च्या हंगामात जर्मन उत्खननात ते एआन्ना नावाच्या परिसरात तुकड्यांच्या स्वरूपात सापडलं. एआन्ना म्हणजे इनान्ना देवीचं ठाणं. साधारण एक मीटर उंच, वर तोंडाशी ३६ सेंटीमीटर रुंद, खाली निमुळतं होत जाणारं आणि मग पायाची बैठक, अलाबास्टर दगडाचं. फोटो बघितलात तर आधी ते भांडं वाटतच नाही, खांबाचा तुकडा वाटतो.

आता बाबांनी सांगितलं तसं खालून वर बघूया, मला दुसरी रीत येतही नाही.

सगळ्यात खाली दोन नागमोडी रेघा, पाणी. नदी म्हणा, कालवा म्हणा. त्याच्यावर एकाआड एक दोन तऱ्हेची रोपं, त्यातली एक सातूची कणसं. त्याच्यावर मेंढ्या, नर आणि मादी आलटून पालटून, एकाच दिशेनं चाललेल्या, रांगेत. मग एक कोरी पट्टी, आणि मग माणसं. सगळे पुरुष, अंगावर कपडा नाही, डोकी भादरलेली, हातात टोपल्या, कटोरे, तोटीचे घडे, सगळं भरलेलं. ही माणसं मेंढ्यांच्या उलट दिशेनं चालतात, म्हणजे नजर खाली एका बाजूला फिरते आणि वर दुसऱ्या बाजूला, भांड्याभोवती आपणच फेरी मारतोय असं होतं. पुन्हा एक कोरी पट्टी. आणि सगळ्यात वर, जिथे पट्टी सगळ्यात उंच आहे, तिथे एक बाई उभी आहे, पायघोळ वस्त्रात, देवी इनान्ना किंवा तिची पुजारीण, अभ्यासकांत दोन्ही मतं आहेत. तिच्या समोर एक उघडा माणूस भरलेली टोपली धरून उभा. तिच्या मागे बोरूच्या जुड्या बांधून केलेले दोन खांब, वर वळवून गोल केलेले. हीच इनान्नाची खूण, पुढे लिपीतही तिचं नाव लिहायला हेच चिन्ह वापरलं.

बोरूच्या खांबांबद्दल वाचलं तेव्हा मी उठून डबा काढला होता कारण बाबांच्या दुसऱ्या एका पत्रात दलदलीतल्या लोकांच्या घरांचं वर्णन आहे, जाडच्या जाड जुड्या दोन्ही बाजूंनी रोवून वर कमानीसारख्या वाकवून बांधतात आणि त्यावर चटया, एक खिळा नाही. त्यांतल्या पाहुण्यांसाठीच्या मोठ्या घराला मुधीफ म्हणतात आणि तशी आजही बांधतात. म्हणजे बाबांनी जे बघून दोन पानं भरली त्याच बांधणीचं देवीचं दार भांड्यावर कोरलेलं होतं. त्यांच्या लक्षात आलं होतं का ते पत्रावरून कळत नाही, मला वाटतं आलं असणार, जुड्या कशा बांधल्यात हे ते आधी बघायचे.

खांबांच्या पलीकडे देवळाचं कोठार आहे आणि हा भाग मला फार म्हणजे फार आवडतो. भरलेले कटोरे, जनावरांच्या आकाराची भांडी, मेंढ्यांच्या पाठीवर उभ्या केलेल्या दोन छोट्या आकृत्या, त्यातल्या एकीच्या हातात जे आहे ते 'एन' या चिन्हासारखं दिसतं, एन म्हणजे धनी, मुख्य पुजारी. आणि त्याच कोठारात शेजारी शेजारी दोन उंच भांडी, अगदी याच आकाराची. भांड्यावर भांड्याचंच चित्र. कोरणाऱ्यानं आपण काय कोरतोय तेच त्यात कोरून ठेवलंय.

एक गोष्ट सांगायला हवी, ज्यानं मला या शहराकडे बघायची नजरच बदलून मिळाली. लिहिण्याची सुरुवात जिथे झाली त्यातली सगळ्यात आधीची जागा हीच, एआन्ना. तिथे मातीच्या हजारो पाट्या सापडल्या आणि त्यांत गोष्टी नाहीत, स्तोत्रं नाहीत, बहुतेक हिशेब आहेत. किती सातू आला, किती मेंढ्या, कुणाला किती दिलं. मेंढीचं चिन्ह म्हणजे एक गोल आणि त्यात अधिकची खूण, इतकं सोपं. म्हणजे भांड्यावर जी माणसं टोपल्या घेऊन चाललीत त्यांच्या टोपल्यांची आवक कुणीतरी आत बसून ओल्या मातीवर टोचून ठेवत होतं. मी स्वतः बारा वर्षं स्टोअर्समध्ये काढली, मालाची आवकजावक हेच काम, त्यामुळे हे वाचून अंगावर काटा आला होता. देवळाचं कोठार म्हणजे शहराचं कोठार, ते भरलं तर शहर जेवणार. मिरवणूक आहे, पूजा आहे, सगळं आहे, पण पाणी मग रोपं मग मेंढ्या मग माणसं मग देवी हा क्रम असा पक्का आहे की त्यातली खालची एक पट्टी काढली तर वरचं सगळं कोसळेल. बाबांना पाया आठवला तो उगाच नाही.

आणि दगड! त्या सगळ्या सपाट मैदानात दगड नाही. बाबांची खडीची तक्रार पाच हजार वर्षं जुनी आहे. घरं मातीच्या विटांची, विळेसुद्धा भाजलेल्या मातीचे केलेले सापडतात, भिंतींची सजावटसुद्धा मातीच्या रंगवलेल्या खुंट्या टोचून. दगड बाहेरून आणायचा. म्हणजे एवढा मोठा एकसंध तुकडा कुणीतरी शोधला, आणला, मग आतून पोखरला आणि बाहेरून कोरला. उठावाचं काम आहे हे, आकृत्या वर आणि भोवतालचं खाली, म्हणजे आधी भिंत जाड ठेवायची आणि मग आकृती सोडून बाकीचा सगळा दगड काढत जायचं. एक मेंढी चुकली तर पुन्हा लावता येत नाही. आमच्याकडे लहानपणी पाट्याला टाकी लावायला बाई यायची, तिच्या छिन्नीचा आवाज सगळ्या आळीत ऐकू यायचा, मी समोर उकिडवी बसून बघायची. आपला काळा दगड कठीण, अलाबास्टर त्या मानानं पुष्कळच नरम, पण नरम दगडाची भीती वेगळी, तो टवका चटकन सोडतो. त्या माणसांच्या पोटऱ्या, मेंढ्यांच्या अंगावरची लोकर, शिंगांचा पीळ, हे सगळं बघताना मला ती टाकीवाली बाईच आठवते, ठोका मारायच्या आधी तिचा हात क्षणभर थांबायचा.

आता जे नाहीये त्याबद्दल. वरच्या पट्टीत टोपलीवाल्याच्या मागे एक मोठा तुकडाच गेलेला आहे आणि नेमका तिथेच राजा होता. त्याचं पाऊल उरलंय, वस्त्राचा थोडा काठ, आणि कमरेच्या पट्ट्याचं लांब गोंड्याचं टोक, ते मागच्या सेवकानं हातात धरलंय म्हणून उरलं. सेवक पूर्ण आहे, राजा नाही. त्या काळच्या दुसऱ्या मुद्रांवर जाळीदार वस्त्रातला, दाढीवाला असा पुरुष दिसतो, त्यावरून इथे तोच असणार असं मानतात. पुस्तकांत रेखाटन देताना त्याला पूर्ण करून दाखवतात, मला ते आवडत नाही. दगडावर जेवढं आहे तेवढंच बघावं, एक पाऊल आणि एक गोंडा, त्यात तो पुरेसा उभा राहतो.

आणि आता बाबांच्या पत्रातलं ते वाक्य, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले. "एका जागी फुटलेलं आहे, पण ते त्या लोकांनीच तेव्हाच तांब्यानं सांधलंय, माझ्याबरोबरच्यानं दाखवलं. पाच हजार वर्षांपूर्वीचं रिपेअरिंग."

हे खरं आहे. भांडं जुन्या काळातच फुटलं होतं आणि जुन्या काळातच दुरुस्त केलेलं होतं, तांबं वापरून. विचार करा, तांबंसुद्धा त्या मैदानात होत नाही, तेही बाहेरूनच यायचं. म्हणजे लांबून आणलेला दगड फुटला म्हणून लांबून आणलेला धातू त्याला लावला. नवं करून घेता आलं असतं, कोरणारे होते, देऊळ श्रीमंत होतं. नाही केलं. हेच हवं होतं त्यांना. आणि ते सापडलंही तसंच, देवळातल्या इतर जुन्या वस्तूंबरोबर एकत्र जपून ठेवलेलं. वारकाच्या भांड्याबद्दल लोक लिहितात तेव्हा देवीबद्दल लिहितात, राजाबद्दल लिहितात, कथा सांगणारं सगळ्यात जुन्यांपैकी शिल्प म्हणून लिहितात, सगळं बरोबर आहे, पण माझ्यासाठी त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तो सांधा आहे. कोरणाऱ्याचा हात आपल्याला दिसतो, सांधणाऱ्याचाही दिसतो, आणि त्या दोघांमध्ये किती वर्षं गेली असतील, सांधणाऱ्यानं ते आजोबांच्या वेळचं भांडं म्हणून हातात घेतलं असेल का, हे मनात येतंच.

२००३ चा एप्रिल. बगदाद पडलं आणि १० ते १२ एप्रिलच्या दरम्यान म्युझियम लुटलं गेलं. तिथल्या लोकांनी आधीच काचेच्या कपाटांतल्या आठ हजारांहून जास्त वस्तू गुपचूप एका जागी हलवून ठेवल्या होत्या आणि जागा कुणाला सांगायची नाही अशी शपथ घेतली होती, त्या वाचल्या. पण जे मोठं होतं, नाजूक होतं, हलवता येत नव्हतं, ते जागेवर राहिलं आणि वारकाचं भांडं त्यात होतं. बैठकीपासून तोडून नेलं. एकूण पंधरा हजारांच्या आसपास वस्तू गेल्या. टीव्हीवर ती दृश्यं चालू होती, फुटलेल्या काचा, जमिनीवर विखुरलेली कार्डं, आणि बाबा जेवण अर्धं टाकून उठले. ते रडले वगैरे नाहीत, त्यांचा तो स्वभावच नव्हता, पण आतल्या खोलीत जाऊन डबा काढून बसले आणि ते पत्र शोधलं, तोवर मला असं पत्र आहे हेच माहीत नव्हतं. त्या रात्री त्यांनी मला पहिल्यांदा सगळं सांगितलं, बोटानं सतरंजीवर पट्ट्या काढून काढून, इथे पाणी, इथे मेंढ्या.

मग १२ जूनला तीन तरुण एका लाल टोयोटातून म्युझियमच्या दारात आले आणि डिकीतून चादरीत गुंडाळलेलं भांडं काढून परत दिलं. चौदा तुकडे. आणून द्या, काही विचारणार नाही, असं जाहीर केलं होतं, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. वारकाचाच एक संगमरवरी स्त्रीचा चेहरा, तोही गेला होता, तो सप्टेंबरमध्ये जमिनीत पुरलेला सापडला. मी बाबांना ऑफिसमधून फोन करून सांगितलं, मिळालं बाबा पण चौदा तुकडे झालेत. ते म्हणाले, "मग सांधतील. आधीही सांधलंय." एवढंच, आणि विचारलं की संध्याकाळी येताना इस्त्रीचे कपडे घेऊन येशील का.

सांधलंही. २८ फेब्रुवारी २०१५ ला बगदादचं म्युझियम पुन्हा लोकांसाठी उघडलं आणि भांडं उभं आहे. बाबा २०१२ ला गेले.

मी बगदादला गेलेले नाही. २०१८ ला कामासाठी बर्लिनला गेले होते, शेवटचा दिवस मोकळा मिळाला, तो सगळा पेर्गामोन म्युझियममध्ये घालवला. लोक जातात ते बाबिलोनच्या निळ्या इश्तार दरवाज्यासाठी, आणि तो आहेच तसा, समोर उभं राहिलं की बोलता येत नाही. पण मी उरुकच्या दालनात गेले, तिथे त्या मातीच्या खुंट्यांची नक्षी केलेली भिंत उभी केलीये, आणि वारकाच्या भांड्याची प्लास्टरची प्रतिकृती होती. प्रतिकृतीच, हे मला जायच्या आधीपासून माहीत होतं, तरी समोर गेल्यावर घसा दाटला. मी खाली वाकून पाण्यापासून सुरुवात केली. एका बाजूनं फिरले, मग उलटी फिरले, माणसांबरोबर. वर कोठारातली दोन भांडी शोधली. बहुतेक लोक न थांबता पुढे जात होते, मी तिथे तासभर तरी असेन, शेवटी तिथल्या बाईंनी खुर्ची हवी का असं खुणेनं विचारलं. (ते म्युझियम आता कामासाठी बंद आहे आणि ही प्राचीन इराकची बाजू २०३७ ला उघडायचं म्हणतात, त्यामुळे जायचा विचार असेल तर आधी बघून घ्या.)

तिथेच आपल्याकडचं एक जोडपं भेटलं, मराठी बोलताना ऐकलं म्हणून मीच गेले बोलायला. काका चांगले होते, वाचलेले होते, पण मी २००३ चं सांगितल्यावर म्हणाले, बघा, म्हणून या वस्तू इकडे युरोपातच बऱ्या, तिकडे राहिल्या असत्या तर काय झालं असतं. मी तेव्हा नीट उत्तर दिलं नाही, परक्या ठिकाणी वाद नको वाटला, पण ते मनातून गेलेलं नाही म्हणून इथे देते. हे भांडं तिकडेच राहिलं होतं. खणलं जर्मनांनी पण ते बगदादलाच राहिलं, बर्लिनला आली ती नक्कल. लुटलं गेलं कारण बाहेरून सैन्य आलं, सरकार पडलं आणि म्युझियमच्या दारात राखण नव्हती. आणि परत आलं ते बगदादच्याच एका गाडीच्या डिकीतून. लपवलेल्या आठ हजार वस्तूंची जागा तोंडातून न काढणारे कर्मचारी बगदादचेच. दुसरं महायुद्ध झालं तेव्हा याच बर्लिनमधल्या म्युझियमवरही बाँब पडले होते, तेव्हा जपलेल्या जागेबद्दल असं सरळ बोलता येत नाही. ज्या मैदानात दगड नाही तिथे कुणीतरी तो आणून त्यावर तिथलं पाणी, तिथला सातू, तिथल्या मेंढ्या कोरल्या. ते तिथेच असायला हवं. नक्कल बघून मला जे मिळालं त्याबद्दल मी बर्लिनची आभारी आहे, ते वेगळं.

बर्लिनहून आल्यावर आईला फोनवर फोटो दाखवले. आईला आता दिसायला त्रास होतो, फोटो मोठा करून करून, बोटानं सरकवून बघत होती. वरच्या पट्टीत कोठारापाशी आल्यावर थांबली आणि म्हणाली, "ही बघ ती दोन. त्यांनी लिहिलं होतं." मला आठवेना. एवढ्या वेळा वाचलेलं पत्र, पण हे कुठे? मग डबा काढला. एरोग्रामच्या कडेला, चिकटवायच्या पट्टीवर, जागा संपली म्हणून आडवं लिहिलंय, अर्धं फाडण्यात गेलेलं, मी ते कायम घरचं काहीतरी असेल म्हणून सोडून देत आले होते. आईनं न बघता म्हणून दाखवलं, तिला ते एकोणचाळीस वर्षं पाठ होतं:

"देवीच्या मागे अशीच दोन कोरलीत, म्हणजे याला जोड होती. दुसरं कुठे आहे ते पुढच्या खेपेस विचारीन. ड्राफ्ट मिळाल्याचं लगेच कळव."